मु. पो. रस्ता

गेल्या अंकात आपल्याच एका मित्राने लिहिलं की दलित साहित्याचा पत्ता एकच, गावकुसाबाहेर. वाक्य ऐकायला जोरदार आहे. सभेत टाळ्या पडतील. पण मला ते वाचून तिसऱ्या पाळीला झोप आली नाही, म्हणून हे लिहितोय. दोस्तहो, गावकुसाबाहेर हा पत्ताच आहे. पूर्वेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडं, पण ठरलेला. त्या पत्त्यावर समन्स येतं, सांगावा येतो, मढं ओढायचं बोलावणं येत होतं, आता मतं मागायला जीप येते. आमच्या बापजाद्यांना गावाने हाकलून एका जागी रुतवलं. पण ज्यांना गावाने हाकललं आणि कुठंच रुतू दिलं नाही, त्यांचं काय? त्यांच्या साहित्याला आपण आपल्या यादीत घेतलं, परिसंवादात बोलावलं, मात्र त्यांची पुस्तकं वाचताना डोळा आपलाच ठेवला. घर असणाऱ्याचा डोळा.

आमच्या खानदेशात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न पडतो, ‘कोठला शे रे भाऊ?’ यात गाव विचारलेलं असतं आणि जातही. गावाचं नाव सांगितलं की पुढं हळूच येतं, ‘गावमा कोठे?’ तिथं आपली जीभ अडखळते. भीमनगर म्हणलं की समजलं. २ डिसेंबर २०२० ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावं यावीत. चांगलं झालं. पण पत्ता वाचणाऱ्याला नवं नावही तेवढंच वाचता येतं. आपल्याला पत्त्याचा त्रास हा असा आहे, तो फार बोलतो. भटक्याचा, ऊसतोड्याचा त्रास उलटा. त्याचा पत्ता बोलतच नाही. दोन्ही दुखणी एकाच बापाची आहेत, पण औषध एक नाही. म्हणून एका वाक्यात दोघांना कोंबू नये.

आता हा पत्ता नावाचा मजकूरच बघू. समीक्षक लोक कवितेचं पोट फाडतात, पाकिटावरच्या चार ओळींकडं कुणी बघत नाही. मु., पो., ता., जि. मराठी माणसाच्या प्रत्येक पत्त्याची सुरुवात ‘मु.’ने होते. मु. म्हणजे मुक्काम. मुक्काम म्हणजे काय? चालणाऱ्याने रात्रीपुरतं थांबणं. तांड्याचा मुक्काम, पालखीचा मुक्काम, तमाशाचा मुक्काम. म्हणजे शब्द रस्त्यावरच्या माणसाचा. घरवाल्याने तो उचलला, आपल्या वाड्याच्या दारावर लावला आणि ज्याचा शब्द होता त्यालाच विचारलं, तुझा पुरावा काय? भाषेतली चोरी म्हणतात ती ही. उचल्या, पारधी यांच्यावर चोरीचा शिक्का मारणाऱ्यांनी हीही एक चोरी नोंदवून घ्यावी.

त्याच पाकिटाच्या तळाशी सहा आकडे असतात. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो बसवणारे पोस्ट खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, हे मला फार उशिरा कळलं. एका संस्कृत कवीने देशाचे नऊ भाग पाडून प्रत्येक गावाला नंबर दिला, नववा भाग फौजेचा. १९७२ हेच ‘गोलपिठा’चं साल, हेच दलित पँथरचं साल, आणि आमच्या शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली तेही हेच साल. एकीकडं प्रत्येक दाराला आकडा मिळत होता, दुसरीकडं ज्यांना दार नव्हतं ती माणसं पहिल्यांदा मोठ्याने बोलत होती. योगायोगच म्हणा, मी त्यातून सिद्धांत काढत नाही. पण फौजेची नोंद घ्यावी. जवान सीमेवर असो की छावणीत, फौजेचं टपाल खातं त्याला हुडकून काढतं. म्हणजे हलत्या माणसाला पत्र पोचवता येत नाही असं नाही. कुणाला पोचवायचं हे ठरलेलं आहे.

आता माझ्या डोळ्यापुढं घडलेलं सांगतो. सूतगिरणीत माझ्या शेजारच्या रिंगफ्रेमवर एक भिल्ल दोस्त आहे. घर सातपुड्याच्या पायथ्याला. दिवाळी झाली की आई, बाप आणि धाकटी बहीण गुजरातेत ऊस तोडायला जातात, बारडोलीच्या अंगाला. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. त्या बहिणीच्या पुढच्या शिक्षणाच्या कागदाबाबत एका कार्यालयाने तारीख काढली आणि रजिस्टर पत्र पाठवलं. पत्र जानेवारीत आलं. दाराला कुलूप. पोस्टमन भला माणूस, त्याने शेजारणीला विचारलं, ती म्हणली, ‘कोयत्यावर गेलेत.’ आता पाकिटावर लिहायला ‘कोयत्यावर’ असा रकाना नाही. ठरलेले सात दिवस पत्र पोस्टात बसलं आणि परत गेलं. अर्जावर फोन नंबर होता तो मुकादमाचा. होळीला सगळी घरी आली तेव्हा शेजारणीने सांगितलं, एक मोठं पाकीट आलं होतं. कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, तुम्ही गैरहजर राहिलात, प्रकरण बंद झालं. मी म्हणलं, साहेब, पत्र मिळालंच नाही. ते म्हणाले, पाठवल्याची पावती आहे.

पाठवल्याची पावती आहे! पत्र मिळालं का, हा प्रश्नच नाही. पाठवलं का, एवढाच प्रश्न. पोरीचं वर्ष गेलं. पुढं अर्ज-विनंत्या करून प्रकरण उघडलं, पण वर्ष काही परत आलं नाही.

ही काही एकट्या पोरीची गोष्ट नाही. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर, शहादा इथल्या पाड्यांवर दिवाळीनंतर फिरून बघा. म्हातारी, कोंबड्या आणि कुलपं. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांना खानदेशातून मजूर जायला लागून पन्नास वर्षं होऊन गेली. यान ब्रेमान नावाच्या डच अभ्यासकाने १९७८ सालीच बारडोलीच्या ऊसतोड्यांवर लिहिलं होतं. परदेशातला माणूस येऊन पडावावर बसला. मराठीत आपल्या किती कथा त्या पडावावर जाऊन बसल्या, मोजा. हाताची बोटं उरतील.

पडावावर पत्ता असतो, नाही असं नाही. तो असा लिहितात: अमुक, मार्फत अमुक मुकादम, अमुक कारखाना. या ‘मार्फत’ शब्दावर कुणीतरी पीएचडी करावी. शहरातल्या पोराच्या पत्त्यात मार्फत असतं तेव्हा तो मामाकडं शिकायला राहिलेला असतो. मजुराच्या पत्त्यात मार्फत असतं तेव्हा त्याचं टपाल, त्याचा फोन, त्याचं बँकेचं पुस्तक आणि कधीकधी त्याची बायको यांच्यावर दुसऱ्याची नजर असते. पत्र आधी मुकादम फोडतो. कामाचं असेल तर देतो, मजूर गावी पळेल असं काही असेल तर खिशात ठेवतो. वतनदारी गेली म्हणतात. मार्फतदारी आहे की.

आता पुस्तकांकडं येतो, कारण हा लेख समीक्षेचा आहे हे संपादक आठवण करून देतील. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं, पुढल्याच वर्षी साहित्य अकादमीचं बक्षीस मिळालं. पांढरपेशा समीक्षकांनी काय केलं? वेगळं जग, अनोखं अनुभवविश्व, गाढवं, टोपल्या, बोली, अशी कौतुकाची यादी केली. संग्रहालयात जाऊन आल्यासारखी. खरी गोष्ट अशी आहे की ते पुस्तक शाळेच्या पटाविषयी आहे. कैकाड्याचा बाप पोराला शिकवायचं म्हणतो, आणि बिऱ्हाड तर गावोगाव हिंडतंय. शाळा जागेवर, पोरगा रस्त्यावर. बापाने घेतलेला हा हट्ट म्हणजे त्या पुस्तकातला खरा विद्रोह, घोषणा नसलेला. आज सरकार स्थलांतरित पोरांना शिक्षण हमी कार्ड देतं, म्हणजे ज्या गावी जाईल तिथल्या शाळेने घ्यावं. ‘उपरा’ वाचलेला माणूस त्या कार्डाकडं बघून हसेल आणि रडेलही. माझी एक तक्रार मात्र आहे. पुस्तकाच्या उत्तरार्धात शहर येतं, आंतरजातीय लग्न येतं, तिथं लेखकाचा स्वतःचा झगडा मोठा होतो आणि रस्ता बारीक होत जातो. मागं राहिलेल्या बिऱ्हाडाचा मुक्काम कुठं पडला हे मला हवं होतं. कदाचित हे मागणं अन्यायाचं असेल. शिकलेल्या पोराला घरच्यांचा पत्ता माहीत नसणं हेच तिथलं सत्य असेल.

‘उचल्या’ १९८७ चं. लक्ष्मण गायकवाड हे लातूरच्या सूतगिरणीत राबलेले, म्हणून मला ते आमच्या खात्यातले वाटतात, बॉबिन बदलता बदलता वाचावं असं पुस्तक. सुरुवातीलाच ते सांगून टाकतात की जन्मतारीख, घरदार, जमीनजुमला असलं काही आपल्या नावावर नाही. पण पुढं वाचा. ज्या माणसांचा पत्ता शाळेला माहीत नाही, दवाखान्याला माहीत नाही, त्यांचा पत्ता पोलिसांना मात्र पाठ! रात्री-अपरात्री बरोबर त्याच झोपडीवर धाड. याला मी ‘उचल्या’चा शोध म्हणतो. सरकारला पत्ता सापडत नाही हे खोटं आहे. सरकारच्या एका हाताला तो सापडतो, दुसऱ्या हाताला सापडत नाही. मारायचा हात आणि द्यायचा हात.

यामागं इतिहास आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा काय होता? भटकणाऱ्याला पत्ता द्यायचा कायदा! नाव नोंदवा, हजेरी द्या, परवान्याशिवाय हलू नका. सोलापुरात तारेचं कुंपण घालून सेटलमेंट केली. जन्मात पहिल्यांदा ठरलेला मुक्काम मिळाला तो तारेच्या आत. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, माणसं विमुक्त झाली, आणि मग त्याच सरकारने विचारलं, तुम्ही राहता कुठं? आज महाराष्ट्रात विमुक्त-भटक्याला जातीचा दाखला हवा तर पूर्वज २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी इथं राहत होते हे दाखवावं लागतं. आपल्याला १० ऑगस्ट १९५० आहे, आपणही कोतवाल बुकाच्या नकलांसाठी हेलपाटे मारतो, पण कोतवाल बुकात आपली नोंद तरी निघते. नंदीबैलवाल्याचा आजा त्या तारखेला कोणत्या झाडाखाली होता हे झाडाला विचारायचं का? कोर्टाचंही तसंच. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ५, नियम १७ आहे. प्रतिवादी सापडला नाही तर तो राहतो त्या घराच्या बाहेरच्या दारावर समन्स चिकटवावं. पालाला दार नसतं. बेलिफाने कुठं चिकटवावं, कुत्र्याच्या पाठीवर?

आणि १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा. उत्पन्नाचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी हिंडतोय, भीक मागून जगत असावा असं वाटतंय, तर तो भिकारी. गाणं, नाच, ज्योतिष, खेळ ही सोंगं धरलीत. म्हणजे वासुदेव, गोंधळी, डोंबारी, पिंगळा सगळे एका कलमात. दादासाहेब मोरे यांचं ‘गबाळ’ त्या पिंगळा जोशांचंच. पाठीवर जे मावतं तेवढंच घर. दिल्ली हायकोर्टाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्यातली शिक्षेची कलमं घटनाबाह्य ठरवली. कायदा आपल्या मुंबई राज्याचा, सुटका दिल्लीला.

त्याच २०१८ च्या १ जुलैला, आमच्या शेजारच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी. मुलं पळवणारी टोळी म्हणून अफवा होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. जिथं रहिवासी दाखला देतात त्या कचेरीत. हे मी शोभेसाठी लिहीत नाही, मला ते सुचल्यापासून ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढताना पाय जड होतो. मारणारे कुणी जमीनदार नव्हते. कष्टकरी माणसं होती, ज्या भागातून लोक स्वतः पोटासाठी बाहेर जातात तिथली. ‘कोठला शे?’ हा प्रश्न आपल्या तोंडातही आहे, हे आपण आपल्या अंकात कधी छापलं नाही. छापायला पाहिजे.

बाबासाहेबांनी छापलं होतं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आपण पोरांना देतो, पण त्यातला बडोद्याचा भाग पत्त्याचा भाग म्हणून वाचत नाही. १९१७ साल. परदेशातून पदव्या घेऊन आलेला माणूस, संस्थानची नोकरी, आणि शहरात उतरायला जागा नाही. पारशांच्या खाणावळीत पारशी नाव लिहून राहावं लागलं. दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन पारशी आले. एका हिंदू मित्राकडं विचारलं, एका ख्रिश्चनाकडं विचारलं, दोघांनी टाळलं. मग गाडी सुटेपर्यंत बागेत बसून राहिले. घटना लिहिणारा माणूस, दोस्तहो, बागेत. त्या पुस्तकाच्या नावातच परवान्याचा कागद आहे, आपल्याच देशात शिरायचा.

आणि बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९६३. ती गोष्ट उधन्याच्या रेल्वेतली. उधना म्हणजे आमचीच लाईन. नंदुरबारहून गाडीत बसलं की नवापूर, व्यारा, बारडोली, उधना. त्या गोष्टीवर जात, मार, चाकू यांविषयी खूप लिहून आलंय. मला त्यातली खोली दिसते. जात कशासाठी चोरली? मोठ्या पदासाठी नव्हे. परगावी नोकरीला गेलेल्या माणसाला डोकं टेकायला जागा हवी म्हणून. खुद्द बागुलांवरही सुरतेला ही वेळ आली होती. खरा पत्ता लपवला तर नवा पत्ता मिळतो, असा हा व्यवहार. आज त्याच लाईनवरून आमची माणसं जातात, त्यांच्याकडं चोरायलाही पत्ता नाही, एवढाच फरक.

त्या लाईनवरचं नवापूर स्टेशन बघून या. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी इकडं, स्टेशनमास्तर तिकडं. एक बाक असा की मधोमध सीमा जाते, लोक त्यावर बसून फोटो काढतात. मोठी गंमत. पण हंगामात रात्रीची गाडी चुकली की कोयत्यावाली कुटुंबं त्याच फलाटावर झोपतात. डोकं एका राज्यात, पाय दुसऱ्या राज्यात. ९ ऑगस्ट २०१९ ला महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशन कार्ड इकडचं तिकडं चालायची सोय सुरू झाली. तारीख बघा, जागतिक आदिवासी दिनाची. सोय खरीच मोलाची आहे, मी नाकारत नाही. पण पडावावरच्या किती जणांना ती माहीत आहे हे आपण जाऊन विचारलं का? मोर्चे तहसीलवर काढतो, तहसीलचा माणूस पडावावर नसतो आणि आपणही नसतो.

आता टेंभली. शहादा तालुक्यातलं हे लहानसं गाव २९ सप्टेंबर २०१० ला साऱ्या देशाला माहीत झालं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले, दहा गावकऱ्यांना देशातले पहिले आधार क्रमांक दिले. बारा आकड्यांत माणूस. ज्याच्याकडं काहीच कागद नाही त्यालाही ओळख मिळेल असं सांगितलं, आणि सुरुवातीला ओळख पटवणारा माणूस उभा करून नोंदणी करायची सोय होतीही. पण ते कार्ड पोचवायचं कसं? पोस्टाने, कार्डावरच्या पत्त्यावर! ज्याला पत्ता नाही म्हणून ओळख द्यायची, त्याची ओळख त्याच्या पत्त्यावर पाठवायची. माझ्या गावातल्या कार्डांचा गठ्ठा किती दिवस किराणा दुकानात पडून होता, मीच बघितलाय. पोरं त्यातून आपापली हुडकत होती.

आता म्हणतात, पत्त्याची कटकट संपली, फोन हाच पत्ता, ओटीपी येतो. मी मानायला तयार आहे. पण फोन कुणाचा? पडावावर रिचार्ज संपला, नव्वद दिवस नंबर वापरात नाही राहिला, की तो बंद होतो आणि पुढं दुसऱ्याला जातो. मग माझ्या दोस्ताच्या बापाचा ओटीपी परगावच्या एखाद्या अनोळखी पोराला. झालंय असं. झोपडीला निदान कुलूप लावता येत होतं.

मतदार यादीचं सांगितलं पाहिजे, कारण हे आपल्या पोरांच्या हातातलं काम आहे. कायदा १९५० चा, त्यात शब्द आहे ‘सर्वसाधारण रहिवासी’. त्याच कायद्याचं कलम २० सांगतं की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास संपत नाही. कोयत्यावर गेलेला माणूस गावचाच मतदार, हे कायद्याचं म्हणणं. आणि ज्याला घरच नाही त्याच्यासाठी निवडणूक आयोगाचा नियम आहे. फॉर्म ६ मध्ये तो जिथं झोपतो ती जागा लिहावी, बीएलओने रात्री जाऊन बघावं, एकाहून जास्त रात्री बघावं, माणूस तिथं झोपतो असं दिसलं तर दुसरा पुरावा मागू नये. हे वाचून मी थक्क झालो. सरकारने झोपेला पुरावा मानलंय! झोपमोड करणाऱ्या पोलिसाइतकाच झोप मोजणारा कारकूनही या राज्यात आहे, कागदावर तरी. पण हा नियम आपल्या एकाही शिबिरात शिकवलेला मी ऐकला नाही. शिबिरात आपण सौंदर्यशास्त्र शिकवतो.

आणि न शिकवल्याने काय होतं ते बिहारात दिसलं. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर तिथं याद्यांची फेरतपासणी झाली, मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळली. त्यातली सुमारे ३६ लाख ‘कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत’ या खात्यावर. यातले किती खरंच कायमचे गेले आणि किती पंजाबात, सुरतेत, मुंबईत हंगामाला होते, हे दाराला कुलूप बघून कसं कळणार? आमच्याकडं २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा ऊसतोडीला निघायचे दिवस होते. काही टोळ्यांना मतासाठी गाड्या करून आणल्या, मत झालं की परत नेलं. त्या दिवसापुरता सगळ्यांना सगळ्यांचा पत्ता सापडला.

जगात दुसरीकडं काय चालतं? फ्रान्समध्ये गाड्यांत राहून फिरणाऱ्या लोकांना १९६९ च्या कायद्याने फिरतीची वही बाळगावी लागे, एका गावाशी नाव जोडावं लागे, आणि तीन वर्षं जोडलेलं असल्याशिवाय मत नाही. ती तीन वर्षांची अट तिथल्या घटना परिषदेने २०१२ ला मोडली, वहीची पद्धत २०१७ ला गेली. म्हणजे गोऱ्या लोकशाहीतही आपली हजेरी होती, नुसती कातडी चांगली बांधलेली. पण तिथं एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्याला पक्कं घर नाही त्याला गावच्या मदत केंद्राचा पत्ता कायद्याने घेता येतो. टपाल तिथं येतं, तोच पत्ता बँकेला, मदतीला, मतदानाला चालतो. तिथंही ‘मार्फत’च आहे, पण ती मुकादमाची नाही, हक्काची. आपल्याकडं प्रत्येक तालुक्याला बुद्धविहार आहे, समाजमंदिर आहे. वर्षातून दोन-चार कार्यक्रम सोडले तर कुलूप. कायदा होईल तेव्हा होईल, पण विहाराच्या पत्त्यावर पडावावरच्या माणसांचं टपाल घ्यायला आपल्याला कुणी अडवलंय? एक वही, एक शिकलेलं पोरगं, आणि पत्र आलं की पडावावर निरोप. भिल्लांचं, पावऱ्यांचं, नाथपंथ्यांचं टपाल विहारात आलं तर विहार बाटणार नाही.

शेवटी आपल्या कवितांचं. गेल्या चार अंकांतल्या कविता मी ‘रस्ता’ हा शब्द हुडकत वाचल्या. आम्ही रस्त्यावरचे, रस्ता आमचा, रस्त्यावर उतरू. यात माझ्याही दोन आहेत. लिहिणाऱ्या सगळ्यांकडं रेशन कार्ड आहे, मी खात्री करून सांगतो. आपल्या कवितेत रस्ता म्हणजे मोर्चा. त्यावर कुणी स्वयंपाक करत नाही, बाळंत होत नाही, पावसात पोरं झाकत नाही. पांढरपेशांच्या कवितेतला कलंदर मुशाफिर आपण थुंकून टाकला आणि त्याच्या जागी झेंडा घेतलेला मुशाफिर बसवला. आमच्याच तालुक्यातले वाहरू सोनवणे ‘गोधड’मध्ये भिलीत लिहून गेले १९८७ ला. त्यांच्या ‘स्टेज’ने आपल्यालाच विचारलंय की मंचावर कोण बसतं. ती कविता आपण मंचावरून वाचतो. आता आपल्या प्रतिमांवरही तोच प्रश्न आला पाहिजे. माझ्या त्या दोन कविता मी संग्रहात घेणार नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

आणि या अंकाविषयी. मागच्या अंकाच्या प्रती मी पोस्टात टाकल्या, त्यातल्या चार परत आल्या. तीन पाकिटांवर ‘घर बंद’, एकावर ‘गाव सोडून गेले’. चौघांनीही वर्गणी भरलेली आहे. तीन जण कोयत्यावर आहेत, हे मला माहीत होतं, तरी मी पत्ता वहीतून बघून उतरवला. संपादकांना विनंती आहे की वर्गणीदारांच्या वहीत दुसरा रकाना पाडावा, दिवाळी ते होळी कुठं असता, आणि टोळीतल्या कुणाकडं निरोप द्यायचा. मुकादम सोडून. बारडोलीकडच्या तिघांच्या प्रती माझ्याकडं आहेत, या रविवारी सुट्टी आहे, मी सकाळच्या गाडीने जाऊन देऊन येतो. चौथा कुठं गेला कुणाला ठाऊक असेल तर कळवावं.